सुपातला दरबार

द्वारकाकाकी तांदूळ निवडायला बसली की आमच्या वाड्यावर दरबार भरायचा. सूप मांडीवर यायचं, बोटं तांदळात शिरायची आणि तोंडातून राजा धर्मकेतूचा हुकूम सुटायचा. "प्रधानजी, आमच्या राज्यात उपाशी झोपलेला एकही जीव असेल, तर हे सिंहासन आम्हाला काट्यांचं आहे!" मध्येच खडा सापडला की तो अंगणात भिरकावला जायचा. कोंबड्या दाणा समजून धावायच्या, फसायच्या आणि पुन्हा काकीकडे बघत उभ्या राहायच्या. काकी तोवर पुढच्या वाक्यावर गेलेली असायची.

माझं माहेर डिचोलीकडचं, नार्व्याचं. लग्न होऊन पेडणे तालुक्यातल्या या गावात आले आणि इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले, म्हणून मी सगळ्यांची 'टीचर' झाले. समोरच्या घरातून पहिल्यांदा तो हुकूम ऐकला तेव्हा मी नवीन सून होते. घाबरून सासूबाईंना विचारलं, "समोरच्या काकींना बरं नाही का?"

"तिका कितें जाता?" सासूबाई म्हणाल्या. "तिचो घोव राजा न्हय?"

तिचा नवरा भिकाजीकाका खरोखरच राजा होता, वर्षातून एक दिवस. एरवी त्यांची थोडी भातशेती आणि डोंगरावर काजूची झाडं. पण माघात रवळनाथाचा उत्सव आला की आमच्या खालच्या वाड्याचं, म्हणजे आमच्या वस्तीचं, नाटक असायचं आणि त्यात राजा भिकाजीकाका. नाटक दरवर्षी तेच. कोणा जुन्या मास्तरांनी देवापुढे करण्यासाठी लिहिलेलं, वाड्याने ते दरवर्षी करायचं असं ठरलेलं. वरच्या वाड्याची वेळ रात्रीची, आमची दुपारची, महाप्रसादाची पंगत उठल्यावर. प्रेक्षकांची पोटं भरलेली, निम्मे पेंगुळलेले, तरी सगळे मंडपात. हा आमच्या वाड्याचा मान. आणि मानाची अट अशी की एखाद्या वर्षी नाटक झालं नाही, किंवा सुरू होऊन मध्येच पडदा पाडावा लागला, तर मान गेला. तो दुसऱ्या वाड्याकडे जातो आणि परत येत नाही. वरचा वाडा कित्येक वर्षं डोळे लावून बसलेला होता.

उत्सवाच्या आधी महिनाभर भिकाजीकाका जेवण झालं की बाल्कांवात येऊन पाठ करायचे. बाल्कांव म्हणजे घरापुढचा सोपा, दोन बाजूंना बसायला बांधलेले कट्टे. काका एका कट्ट्यावर, काकी खाली जमिनीवर, कामात. काका फक्त राजाची भाषणं म्हणायचे. समोरचा प्रधान किंवा राणी बोलायची असेल, तेवढा वेळ ते गप्प राहायचे, मनात त्यांचं भाषण धरून. ते संपलं असं वाटलं की पुन्हा राजा सुरू. कुठे अडखळले तर काकी मान वर न करता पुढचा शब्द टाकायची. ती शाळेत कधी गेली नव्हती. नाटक तिच्या कानांतून आत गेलं होतं, आणि गेलं होतं ते कामाबरोबरच. लढाईचं भाषण तिला आडोळीवर नारळ खवताना यायचं. राणीचा निरोप घेण्याचं अंगणातल्या विहिरीवर, रहाटाचा दोर ओढताना. दरबाराचा मोठा हुकूम मात्र सुपाचा. काम हातात नसेल तर भाषण तोंडात नाही.

याचा अनुभव मला एकदा पेडण्याच्या बसस्टँडवर आला. आम्ही दोघी बाजारातून परतत होतो. शाळेतल्या मुलांकडून एक छोटा प्रवेश बसवून घ्यावा असं माझ्या डोक्यात होतं, म्हणून म्हटलं, काकी, तो हुकूम जरा म्हणून दाखवा. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हांगा येना गो. घरा गेल्यार सांगतंय."

मी आग्रह धरला. तिने इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतली मुगाची पुडी सोडली, मूग पदरात ओतले आणि फलाटाच्या कठड्यापाशी उकिडवी बसून निवडायला लागली. दुसऱ्या खड्याला राजा हजर! तिचा आवाज शेतातून पलीकडच्या शेतात बैलांना हाका मारून तयार झालेला. अख्खा स्टँड वळून बघायला लागला. आमची बस लागली होती. हुकमाच्या शेवटी प्रधान हद्दपार होईपर्यंत कंडक्टरने ती सोडली नाही. बसमध्ये चढताना काकीने त्यालाच दटावलं, "वेळ कित्याक करतास रे?" मला त्या दिवशी नुसती गंमत वाटली होती.

दिसायला ती ठेंगणी, काळीसावळी, पावलं फाकवून चालणारी. काजूच्या दिवसांत बोंडांचा चीक लागून बोटं काळी पडायची, ती पावसाळा संपेपर्यंत तशीच. कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती. शाळेत पालकांच्या सभेला आली तरी खाली बसायची. आणि कोणी काहीही अडचण सांगितली, की तिचा एकच शब्द ठरलेला: "मागीर?" म्हणजे 'मग पुढे काय?' गाय व्याली, पाडा मेला. मागीर? सुनेने माहेरची वाट धरली. मागीर? यात तिला कळवळा नव्हता असं नाही. पण अडचण सांगून झाल्यावर माणसाने काय करायचं ते ठरवावं, नुसतं बसू नये, असा तिचा स्वभाव. माझ्यासारख्या रडूबाईला सुरुवातीला तो शब्द फार टोचायचा. पुढे मी वर्गात तोच वापरायला लागले.

गावात भिकाजीकाकांच्या राजाची एक लकब फार गाजलेली होती. प्रधानाला हद्दपार करताना ते दोन बोटांची चिमूट करायचे आणि काहीतरी क्षुद्र वस्तू फेकावी तशी ती बाजूला झटकायचे. टाळी ठरलेली. ही लकब त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या नटाची पाहून उचलली, असं सगळे सांगायचे. काकाही नाही म्हणायचे नाहीत. मी समोरच राहत होते. ती चिमूट कुठून उचलली होती हे मला रोज दिसत होतं.

मग ते भाषेचं वर्ष आलं. गोव्याचं राज्य व्हायला अजून काही महिने होते. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून गावागावांत घरं फुटली होती. रस्त्यांवर झाडं आडवी पडायची, बस बंद व्हायच्या. आमच्या वाड्यावर भिकाजीकाका मराठीच्या बाजूचे. आणि नाटकातले प्रधान पांडुरंगकाका, जे भिकाजीकाकांचे लहानपणापासूनचे दोस्त, ते कोकणीच्या बाजूचे. तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात दोघांची रोज जुंपायची. मजा अशी की भिकाजीकाका मराठीची बाजू आपल्या बोलीत मांडायचे: "देवळातलें भजन मराठीत, नाटक मराठीत, तुमकां आनीक कितें जाय?" आणि पांडुरंगकाका संतापले की त्यांच्या तोंडून प्रधानच बाहेर पडायचा: "हा अन्याय आहे! ज्या भाषेत आईने जोजवलं, तिलाच आपण दाराबाहेर उभी करता?" ऐकणारे हसायचे. पण एके दिवशी हसण्यावारी गेलं नाही. काहीतरी नको ते बोललं गेलं, चहाचा ग्लास आपटला गेला आणि दोघांनी देवाची आण घेतली की यापुढे एका रंगमंचावर उभं राहणार नाही. उरलेले पुरुषही दोन बाजूंना वाटले गेले. राणीचं काम करायला दरवर्षी सावंतवाडीकडून एक बाई यायची. रस्त्यांचं काही खरं नाही म्हणून तिनेही नाही कळवलं.

उत्सव महिन्यावर आला होता. आम्ही बायका काकीच्या बाल्कांवात बसलो होतो, मान जाणार म्हणून हळहळत. सासूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. काकी तांदूळ निवडत होती.

"मान गेलो तर परत येवचो ना," कोणीतरी म्हणालं.

"मागीर?" काकी म्हणाली. थोडा वेळ खडे शोधले आणि म्हणाली, "आमी करूया."

कोणाला खरं वाटेना. देवळापुढच्या मंडपात आमच्या वाड्याच्या बाईने कधी तोंडाला रंग लावला नव्हता. पण वाटणी होऊ लागली, तेव्हा कळलं की प्रत्येकीला थोडंथोडं नाटक येतच होतं. वर्षानुवर्षं घराघरांतून तेच कानावर पडलेलं. प्रधान माझ्याकडे आला, कारण माझा घसा वर्गात ओरडून मोठा झालेला. राणी कोण होणार? सगळ्यांनी काकीकडे पाहिलं. नाटक तर तिला सगळ्यांत जास्त येत होतं.

"राणयेची भाशणां माका खंय येतत?" ती म्हणाली. "आमच्या घरात राणी केन्नाच उलयली ना. ती कितलो वेळ उलयता, तितलेंच माका खबर."

आम्ही हसलो. ती हसली नाही. ती अगदी खरं तेच सांगत होती. भिकाजीकाकांनी जिथे जिथे गप्प राहून जागा सोडली होती, त्या जागा तिला वितभर लांब की हातभर लांब एवढंच माहीत होतं. आत काय आहे ते माहीत नव्हतं. मग राणी माझी धाकटी जाऊ झाली आणि काकी राजा.

तालमी आमच्या कामाच्याच वेळात व्हायच्या, कारण दुसरा वेळ बायकांकडे नव्हता. कोणी माडाच्या झावळ्या विणतेय, कोणी भाजी चिरतेय, मी मुलांच्या वह्या तपासतेय. माझी जाऊ मुलाला थोपटत म्हणायची, "नाथ, दरबारात आपण सगळ्यांचं ऐकता. आज माझंही ऐका." ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काकीचा हात सुपात थांबला. "असें म्हणता ती?" तिने विचारलं. "बरें म्हणता."

माझं मात्र तिच्याशी जमेना. प्रधानाचं हद्दपारीचं भाषण मी भावना वगैरे ओतून, सावकाश म्हणायची. काकीच्या मनातली जागा तेवढी लांब नव्हती. माझी दोन वाक्यं उरलेली असतानाच राजा सुरू व्हायचा. घाईने म्हटलं तर माझं आधीच संपायचं आणि ती गप्प, न आलेल्या उत्तराची वाट बघत. काकी, मी थांबल्यावर बोला, असं सांगून पाहिलं. "तूं बरोबर थांब गो बाय, मागीर मी बरोबर उलयतंय." महिनाभर ते काही बसलं नाही.

या सगळ्या काळात भिकाजीकाका घरातच असायचे, आतल्या खोलीत, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं होतं की नाटक करा, मी बघायला येणार नाही, आणि राजाच्या पोशाखाच्या ट्रंकेला हात लावायचा नाही. काकीने ट्रंक मागितली नाही. पण आमच्यापैकी कोणाचं काही चुकलं की आतून खोकला ऐकू यायचा.

उत्सवाच्या दुपारी देवळाच्या मागच्या पडवीत आम्ही नटलो. मुकुट ट्रंकेत, म्हणून काकीने आपला लग्नातला शालू डोक्याला बांधला. मिशा काजळाच्या. कपाळावरचं कुंकू पुसायला ती तयार होईना, तेव्हा तेच लांबवून गंध केलं. पडद्यामागे वाड्यातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायची रीत. पुरुष कोणी यायला तयार नव्हते, म्हणून राजाच नारळ घेऊन उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा रवळनाथा! आज खालच्या वाड्याच्या बायलांनी तुज्या दारात नाटक उबें केलें, तें गोड करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"चुकलेंमाकलें पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एका पानार जेवपी दोन दोस्त भाशेवयल्यान भांडून बसल्यात, तांकां बुद्दी दी म्हाराजा!"

हे पडद्याबाहेरच्या सगळ्या मंडपाने ऐकलं. बैलांना हाक मारणारा आवाज. ऐकू न जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी फटीतून पाहिलं. पांडुरंगकाका पुढच्या रांगेत होते, मान खाली घालून. त्यांच्या मागे वरच्या वाड्याचे प्रमुख, गावकर, आणि त्यांची माणसं. आणि मंडपाबाहेर, आंब्याच्या बुंध्याला टेकून, बघायला येणार नव्हते ते भिकाजीकाका.

पहिला अंक झकास गेला. लढाईच्या भाषणाला काकीच्या हातात तलवार होती आणि ती तलवार आडोळीवर नारळ फिरवावा तशी गोल गोल फिरत होती. लोकांनी टाळ्या दिल्या. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. दरबार. मध्ये कदेल, त्यावर लाल चादर, हेच सिंहासन. काकी चारचौघांसमोर पहिल्यांदाच खुर्चीवर बसली, अगदी कडेवर, पाय जमिनीला पुरत नव्हते. मी मुजरा करून म्हटलं, "महाराज, दरबार आपल्या हुकमाची वाट पाहतो आहे."

राजा गप्प.

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. काकीचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते, रिकामे. महिनाभर तिने हे भाषण सुपाशिवाय एकदाही म्हटलं नव्हतं आणि आमच्यापैकी एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं. राजाच्या मांडीवर सूप असतं का? विंगेतून प्रॉम्प्टरने वाक्य सांगितलं, मी तोंडाआड हात धरून सांगितलं, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही सांगितलं. तिला शब्द ऐकू येत होते, पण ते तिचे नव्हते. काजळाच्या मिशीतून घाम ओघळून हनुवटीवर आला. वरच्या वाड्याची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गावकर उठून उभे राहिले. पडदा ओढणाऱ्याचा हात दोरीवर गेलेला मी पाहिला. तो दोर ओढला असता, तर वाड्याचा मान तिथेच संपला असता आणि घालवला कोणी, तर द्वारकेने, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं असतं.

तेवढ्यात मंडपाच्या बाजूने कोणीतरी लगबगीने येताना दिसलं. भिकाजीकाका. संध्याकाळच्या नैवेद्याचे तांदूळ देवळाच्या रांधणीत निवडले जात होते, तिथलं सूप त्यांनी सरळ उचललं होतं. अनवाणी, कमरेला पंचा, तसेच ते पायऱ्या चढून रंगमंचावर आले, सिंहासनापुढे वाकले आणि आपल्या खणखणीत नाटकी मराठीत म्हणाले, "महाराज, मांडलिकांकडून मोती आले आहेत. आपल्या हातांनी पारखून घ्यावेत."

सूप तिच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून हात जोडून उभे राहिले.

काकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. बोटं तांदळात शिरली. एकदा फिरली, दोनदा फिरली. "प्रधानजी," राजा म्हणाला, "आमच्या राज्यात उपाशी झोपलेला एकही जीव असेल..." आणि मग ती थांबलीच नाही. आवाज मंडपाच्या कौलांना लागत होता. गावकर खाली बसले. मी प्रधान आहे हे मी विसरले आणि नुसती ऐकत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लोकांना हद्दपारीचं दुःख वाटलं असावं.

"जा, प्रधानजी! या राज्याची माती आजपासून तुमच्या पायांना पारखी झाली!" आणि चिमूट झटकली गेली. या वेळी चिमटीत खरा खडा होता. तो विंगेकडे न जाता समोर गेला आणि पांडुरंगकाकांच्या छातीवर लागून मांडीवर पडला.

पांडुरंगकाका ताडकन उठले. एवढ्या वर्षांची सवय. माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधी तेच बोलायला लागले, "महाराज, ज्या हातांनी आपल्या मस्तकी मुकुट ठेवला, त्याच हातांना आज आपण रिकामे करता? आम्ही चाललो. आमची पाठ दिसेल, तेव्हा तरी एकदा विचार करा." शेवटचा शब्द संपला आणि त्याच क्षणी, ना आधी ना नंतर, राजा म्हणाला, "थांबा, प्रधानजी!"

माझ्याकडून महिनाभर न बसलेली ती जागा नेमकी भरली होती. ती जागा पांडुरंगकाकांच्याच बोलण्याची होती. भिकाजीकाकांनी आपल्या बाल्कांवात बसून वर्षानुवर्षं ती त्यांच्यासाठीच सोडली होती. मंडपात आधी हशा उठला, मग टाळ्या पडल्या, आणि त्या थांबेनात. पांडुरंगकाका लाजून खाली बसले. खडा त्यांनी खिशात टाकला.

भिकाजीकाकांचं मात्र अवघड झालं. मोती घेऊन आलेला सेवक राजाच्या आज्ञेशिवाय जाणार कसा? ते पडदा पडेपर्यंत तसेच हात जोडून उभे. पडवीत आल्या आल्या त्यांनी विचारलं, "माका इतलो वेळ उबो कित्याक दवरलो? धाडलो कित्याक ना?"

"तुमकां धाडपाचें वाक्य भाशणात नाशिल्लें," काकी म्हणाली आणि मिशी पुसायला लागली.

मान राहिला. भाषेचा वाद त्या दोघांत पुढेही राहिला, फक्त आता चहा एका टेबलावर होऊ लागला. भाषेचा कायदा झाला, राज्य झालं, आणि पुढच्या माघात पुरुषांनी पुन्हा नाटकाची बैठक घेतली. राजा भिकाजीकाका, प्रधान पांडुरंगकाका, राणी सावंतवाडीची. सगळं पूर्वीसारखं. एकच बदल झाला, दरबारात मोत्यांचं सूप आलं. लोकांना ते मूळ नाटकातलंच वाटायला लागलं होतं. आम्हा बायकांना तालमीच्या चहाचं सांगणं आलं.

मला राग आला. अजूनही येतो. मी काकीकडे जाऊन तणतणले, की तुम्ही मान राखलात आणि आता चहा करायचा? एका शब्दाने विचारलंसुद्धा नाही कोणी. ती निवडत होती.

"राजा खंयूय बसूं दी गो बाय," ती म्हणाली. "तांदूळ माजे."

मला ते पटलं नाही. तिला तरी पूर्ण पटलं होतं की नाही, कोण जाणे. त्या वर्षी ती नाटकाला सर्वांत पुढे बसली आणि नवरा हुकूम म्हणत असताना तिची बोटं मांडीवरच्या पदरात फिरत होती. पुढे कधी रंगमंचावर चढली नाही. कोणी सांगितलं नाही, आणि मागून घेण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

काही वर्षांनी माझी बदली झाली. साखळीजवळ कारापूरला घर केलं आणि पेडण्याचं येणंजाणं सणासुदीपुरतं उरलं. भिकाजीकाकांचं नाटक सुटल्याचं ऐकलं. घशाचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं, आवाज फाटला होता. राजाचं काम पांडुरंगकाकांच्या मुलाकडे गेलं.

त्या दोघांना शेवटचं पाहिलं ते बसमधून. सावंतवाडीहून म्हापशाला निघाले होते. वाड्याच्या थांब्यावर कोणाचीतरी काजूची पोती टपावर चढवायची होती म्हणून बस खोळंबली, आणि माझी खिडकी नेमकी समोरच्या बाल्कांवाला आली. हाक मारणार होते, पण मारली नाही. काकी बसली होती. खाली नव्हे, कट्ट्यावर. मांडीवर सूप. केस पांढरे झालेले, आवाज तोच. "रणांगणावर जाणाऱ्याला मागे वळून बघण्याची मुभा नसते, राणीसरकार!" हे तर विहिरीवरचं भाषण. रहाट जाऊन घरात नळ आला असावा, म्हणून ते सुपात आलं होतं. खडा अंगणात पडला, कोंबड्या धावल्या, आणि काकी थांबली. राणीची जागा आली होती.

भिकाजीकाका पायरीवर बसले होते, खाली, तिच्या पायांशी. त्यांनी घसा खाकरला. आणि त्या फाटक्या आवाजात, एकेक शब्द जपून, म्हणाले, "नाथ, दरबारात आपण सगळ्यांचं ऐकता. आज माझंही ऐका."

काकीने हात थांबवला आणि राणीचं सगळं ऐकून घेतलं.